कवितेत नसलेली बासरी

दोनशे बारा उत्तरपत्रिकांत बासरी वाजून झाली होती. कुठं ती गोड वाजली, कुठं अतिशय गोड, आणि एका बहाद्दराच्या उत्तरपत्रिकेत तर स्वर्गातले देव आपापली कामं टाकून ऐकत बसले होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजीच्या पेपरात वीस गुणांचा प्रश्न होता: ‘दरीतले गाणे’ या कवितेतल्या काल्पनिक संगीताच्या प्रतिमेचा अर्थ स्पष्ट करा. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुण्या इंग्रज कवीची कविता. मुलांनी ती अशी काही स्पष्ट केली होती की सगळ्यांचं उत्तर स्वल्पविरामासकट एकच होतं.

शामला तीन दिवसांपासून लाल पेन्सिलीनं या बासऱ्यांना गुण वाटत होती. बारा, तेरा, बारा, साडेबारा. १९७४ सालचा मे महिना. तपासणीच्या हॉलच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या, नत्थूजी शिपाई दर अर्ध्या तासानं त्यांवर पाणी मारून जायचा, आणि तरीही परीक्षकांच्या मनगटांचा घाम उत्तरपत्रिकांवर उमटत होता. चाळीस परीक्षक होते. प्रत्येकापुढं मुख्य परीक्षकांनी काढलेला आदर्श उत्तराचा कागद होता. मेंढपाळाचा उल्लेख, तीन गुण. बासरीचा उल्लेख, पाच गुण. संगीत दैवी असल्याचा उल्लेख, पाच गुण. उरलेले भाषेला. डोकं घरी ठेवून आलं तरी चालेल अशी सोय होती.

मुख्य परीक्षक म्हणजे दत्तोपंत. शामलाच्या कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुखही तेच, आणि या कवितेच्या ज्या नोट्स गेली वीस वर्षं सगळ्या कॉलेजांत फिरत होत्या त्या लिहिणारेही तेच. नेमलेलं पुस्तक बाजारात कधी मिळायचं नाही, नोट्स मात्र कुठंही मिळायच्या. शामला स्वतः दत्तोपंतांची विद्यार्थिनी. त्यांनी सांगितलेल्या नोट्स तिनं वळणदार अक्षरात उतरवून घेतल्या होत्या, आणि लेक्चरर झाल्यावर तीच वही समोर धरून दोन वर्षं शिकवलंही होतं.

त्या दोन वर्षांचाच प्रश्न होता. तिची नेमणूक तात्पुरती होती आणि या महिनाअखेर ती कायम व्हायची होती. फाईल दत्तोपंतांच्या टेबलावर होती, सहीसाठी. सही झाली तर धरमपेठेतली तिची खोली, तिच्या खिडकीतली तुळस, आणि सकाळी स्वतःच्या मनानं उठून स्वतःच्या कामाला निघणं, हे सगळं तिचं राहणार होतं. नाही झाली तर कळमेश्वरपलीकडं आपल्या गावी परत. तिथं सावनेरचं एक स्थळ दोन वर्षांपासून दबा धरून बसलं होतं. मुलगा बरा होता. त्याच्या आईची एकच अट होती, मुलीनं नोकरीचं नाव काढायचं नाही. शामलाचे वडील रुपराव म्हणायचे, “तुह्यावालं पक्कं झालं तं मी त्याइले नाही म्हणतो. नाही झालं तं मी तरी किती दिवस थांबवू वं बाई?”

दोनशे तेराव्या उत्तरपत्रिकेत बासरी नव्हती. शामलानं दोनदा शोधली. मेंढपाळही नव्हता. तिनं सवयीनं समासात लाल रेघ ओढली, चार गुण लिहिले आणि पान उलटायच्या आधी, बिचाऱ्यानं लिहिलंय तरी काय, म्हणून एक नजर टाकली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण म्हणणं सरळ होतं.

‘या कवितेत कोणीही काही वाजवत नाही. दरीतली पाणचक्की बंद आहे. पाणी दुसरीकडं वळवलं आहे. चक्कीवाल्याची विधवा कणीक मळते आणि तिचे हात चाकाच्या तालावर चालतात. चाक तर अकरा वर्षांपासून थांबलेलं आहे. आमच्या घरचा माग बंद पडून चार वर्षं झाली. आई भाकरी थापते तेव्हा तिचा उजवा पाय मागाची पावडी दाबल्यासारखा खाली-वर होतो. विचारलं तर म्हणते, मी कुठं हलवला? म्हणून मला वाटतं, कवीचं संगीत स्वर्गातून आलेलं नाही. ज्यांचं काम गेलं, त्यांच्या अंगात ते उरलेलं आहे.’

शामलानं पेन्सिल खाली ठेवली. ही मुलगीच असणार, तिला वाटलं. मुलगा असता तर त्यानं भाकरीकडं बघितलं असतं, आईच्या पायाकडं कशाला बघेल? खाप्याकडची असेल, तिकडं घराघरात माग होते. पण पाणचक्की? कुठली पाणचक्की? आणि मग तिच्या लक्षात आलं की पाणचक्की नाही हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ती कविता आपण वाचलेलीच नाही.

हा विचार मोठा अपमानकारक होता. एम.ए. झालेली, दोन वर्षं शिकवत असलेली बाई, आणि कविता वाचलेली नाही! तिनं शेजारच्या प्रेमिलाला विचारलं. प्रेमिला दुसऱ्या कॉलेजातली, दहा वर्षांची अनुभवी, जिभेला हाड नसलेली आणि मनानं चांगली.

“तू वाचली का वं ही कविता?”

“नोट्स वाचल्या ना.”

“कविता म्हणते मी.”

“काहून? त्यात अजून काही आहे का?” प्रेमिलानं विचारलं आणि पुढची बासरी उचलली.

जेवणाच्या सुट्टीत शामला डबा न उघडता लायब्ररीत गेली. नत्थूजीला बरोबर नेलं, कारण किल्ल्या त्याच्याकडं. वरच्या फळीवर पुस्तक सापडलं. आत शिक्का होता, १९५६. उघडायला गेली तर उघडेना. छापखान्यातून आली तशी पानं कडेनं एकमेकांना जोडलेली होती. अठरा वर्षांत ती कापायची गरज कोणालाच पडली नव्हती.

“कोरं करकरीत आहे बाई,” नत्थूजी कौतुकानं म्हणाला. “लय जपून ठेवलं आपल्या लोकाइनं.”

त्याच्या खिशातल्या चाकूनं तिनं पानं कापली आणि उभ्या-उभ्याच कविता वाचली. मग बसून पुन्हा वाचली. दरी होती. बंद पडलेली पाणचक्की होती. कणीक मळणारी विधवा होती आणि तिचे तालात चालणारे हात होते. मेंढपाळ नव्हता, देव नव्हते, आणि बासरी तर औषधालाही नव्हती.

तिला आधी राग आला तो स्वतःचा. कान तापले. मग तिला आठवले बाबा. सदुसष्ट साली विहिरीवर विजेचा पंप बसला आणि मोट सुटली. बैल विकले, मोटेचं चाक गोठ्यात टांगलं. पण बाबा अजूनही संध्याकाळी विहिरीच्या धावेवरून, मोटेच्या बैलांच्या त्या उतरत्या वाटेवरून, उलट्या पावलांनी मागं मागं यायचे, टोकाशी थांबायचे, जिभेनं बैलांना चुचकारायचे आणि मग पुढं जायचे. बैल नाहीत, दोर नाही. कॉलेजच्या मैत्रिणी गावी आल्या तेव्हा ती शरमेनं म्हणाली होती, “बाबा, काय करून राहिले तुम्ही?” ते म्हणाले होते, “गाणं संपू दे ना वं.” ते गाणं तिला ऐकू आलं नव्हतं. एका इंग्रजानं ते दीडशे वर्षांपूर्वी ऐकलं होतं, चार वर्षं माग बंद पडलेल्या घरातल्या एका पोरीनं ऐकलं होतं, आणि हिनं मोटेवर वाढून, एम.ए. होऊन, त्या जागी बासरी शिकवली होती! तिला तिथंच रडू आलं. नत्थूजी बिचारा खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

हॉलमध्ये परत येऊन तिनं चारावर रेघ मारली, सोळा लिहिले आणि बाजूला सही केली.

तीन वाजता दत्तोपंतांनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. मुख्य परीक्षक हिरव्या पेन्सिलीनं तपासत. सोळाला हिरवा गोल पडला होता आणि शेजारी चार लिहिलेले होते.

“शामलाबाई, उन्हाचा त्रास होतोय का? बासरी नाही, मेंढपाळ नाही, घरातला माग काय, भाकरी काय! याला सोळा?”

“सर, कवितेत बासरी नाही.”

“म्हणजे?”

“नाहीच. मी आत्ता वाचून आले.” तिनं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. “दाखवा, सर. तुम्ही दाखवली तर मीच चार करते.”

दत्तोपंतांनी पुस्तकाकडं बघितलं. कापलेल्या पानांच्या कडांवरून बोट फिरवलं. उघडलं मात्र नाही. मग त्यांनी टेबलाजवळच्या दोघांना चहा घेऊन यायला सांगितलं, आणि ते गेल्यावर खाली बघतच बोलले.

“त्रेपन्न साली ही कविता नेमली. पुस्तक विलायतेहून बोटीनं यायचं होतं आणि परीक्षा तर मार्चवर आलेली. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख चहा पिता पिता म्हणाले, दरी आहे, ऐकू न येणारं गाणं आहे, बाकी तुम्ही बघून घ्या. मी बघून घेतलं. दरी म्हटल्यावर मेंढपाळ आला. आणि वाजवणारा दिसत नाही, पण वाजतंय, म्हटल्यावर आपल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्या घरी गोकुळाष्टमीला आठ दिवस भजन असतं, बाई. बासरीच सुचली.”

“आणि पुस्तक आल्यावर?”

“तोवर तीन वर्षं झाली होती. नोट्स गावभर झाल्या होत्या. उघडायची छाती झाली नाही.”

शामलाला हसावं की रागवावं कळेना. काल्पनिक संगीत म्हणतात ते हेच असावं! एका माणसाच्या मनात वाजलं आणि वीस वर्षं हजारो मुलांनी ते उतरवून घेतलं.

दत्तोपंत आता सावरले होते. “हे बघा,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे पोर हुशार आहे, त्याचे सोळा राहू देत. मीच हिरव्यानं करतो. तुमच्या फाईलवर आज सही करून टाकतो. दोन वर्षांनी मी निवृत्त होतोय. तेवढे दिवस बासरी राहू द्या. मग तुम्ही आहातच, काय बदलायचं ते बदला. पाच वाजेपर्यंत मला सांगा.”

खोटं कशाला बोला, शामलाचं मन डळमळलं. चांगलंच डळमळलं. पोरीचे गुण मिळत होते, स्वतःची नोकरी मिळत होती, सावनेरचं स्थळ वाऱ्यावर जात होतं. म्हातारा काही दुष्ट नव्हता. तोंडातून नुसतं ‘बरं’ काढायचं होतं.

जागेवर येऊन तिनं प्रेमिलाला सगळं सांगितलं. प्रेमिलानं तोंडावर पदर धरून आधी पोटभर हसून घेतलं.

“घे ना वं मग. तिले सोळा भेटून राहिले, तुले नोकरी भेटून राहिली. अजून काय पाह्यजे तुले?”

“पुढच्या वर्षी कोणी कविता वाचून आलं तं? त्याले चारच भेटतील.”

“कोण वाचते वं!” प्रेमिला म्हणाली.

ती थट्टेनंच म्हणाली होती, पण शामलाला ते जिव्हारी लागलं. ही पोरगी कुठून तरी पुस्तक मिळवून आली होती. तिनं आईचा पाय बघितला होता, मोडक्या इंग्रजीत धीर करून लिहिला होता, आणि शामलानं तिला लाल रेघ ओढून चार दिले होते. एका नजरेचा फरक होता. ती एक नजर टाकली नसती तर पोरीचं कदाचित वर्षही गेलं असतं आणि शामला संध्याकाळी धरमपेठेत जाऊन तुळशीला पाणी घालत बसली असती. पुढचा परीक्षक ती नजर टाकेलच कशावरून? आणि दोन वर्षांनी, कायम झाल्यावर, आपण तरी टाकू का? उद्या फाईल दुसऱ्या कशासाठी तरी टेबलावर असेल. आज जमलं नाही तर ते कधीच जमणार नाही, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं.

तपासणी आज संपत होती, आणि ती संपल्यावर प्रत्येक परीक्षकानं विद्यापीठाला अहवाल द्यायचा असे. ‘विद्यार्थ्यांचे शुद्धलेखन कच्चे आहे’ एवढं लिहून सगळे मोकळे व्हायचे. शामलानं तो छापील कागद घेतला आणि दोन्ही बाजू भरून लिहिलं. मग उभी राहिली. पाचला दहा मिनिटं कमी होती, लोक पिशव्या आवरत होते.

“माझा अहवाल मी वाचून दाखवते,” ती म्हणाली. “या प्रश्नाचं आदर्श उत्तर चूक आहे. कवितेत बासरी नाही, मेंढपाळ नाही. बंद पडलेली पाणचक्की आहे आणि एक राबणारी बाई आहे. मी ही कविता न वाचता दोन वर्षं शिकवली. ज्यांनी बासरी लिहिली त्यांचा एकही गुण कापू नये, त्यांनी आम्ही सांगितलं तेच लिहिलं. कापायचे तर आमचे कापा. पण ज्या एकीनं कविता वाचली तिला चार देऊन पाठवू नका.”

“शामलाबाई, खाली बसा,” दत्तोपंत म्हणाले.

“नाही बसत, सर.” दोन वर्षं जपलेली तिची कॉलेजातली भाषा कुठल्या कुठे गेली. “मह्या बापाच्या विहिरीवरचं गाणं आहे ते. तुमी त्याले बासरी म्हटलं अन् मी बी म्हटलं. आता नाही म्हणत. आता मले काढा नाही तं ठेवा.”

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. चाळीस माणसं आपापल्या गठ्ठ्यांकडं बघत होती. मग मागच्या रांगेतले महादेवराव उठले. सगळ्यात ज्येष्ठ, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी पुस्तक मागितलं. उभ्यानंच वाचलं, चष्मा पुसला, पुस्तक पुढच्या माणसाला दिलं आणि आपल्या गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका ओढून काढली.

“माझ्याकडं पण होती एक,” ते म्हणाले. “मी तीन दिले.”

पुस्तक टेबलावरून टेबलावर गेलं. त्या दिवशी सहा वाजेपर्यंत कोणी घरी गेलं नाही. अशा तीन उत्तरपत्रिका निघाल्या. अहवाल चाळीस जणांसमोर वाचलेला, दडपायची सोय राहिली नव्हती. दत्तोपंतांनी तिन्हींवरचे आकडे हिरव्यानं सुधारले आणि पेन्सिल खिशाला लावून, कोणाकडं न बघता निघून गेले. शामलाच्या फाईलवर सही झाली नाही.

जुलैत कॉलेज उघडलं. शामलाचं नाव वेळापत्रकात नव्हतं. ती गावाहून सकाळच्या एस.टी.नं आली ती कामावरून मोकळं केल्याचा कागद घ्यायला. खोली तिनं सोडली होती. घरी सावनेरची मंडळी रविवारी येणार होती, आणि आपण नाही म्हणणार हे तिनं बाबांना सांगून ठेवलं होतं. बाबांनी तिला अडवलं नव्हतं, पण मंडळींना येऊ नका असा निरोपही धाडला नव्हता.

दत्तोपंत विभागात एकटेच होते. दोन महिन्यांत थकलेले दिसले. तिला बसायला सांगून ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, “फार त्रास करून ठेवलात तुम्ही. काल वर्गात गेलो, सांगायला सुरुवात केली, तर एक मुलगी उठली. म्हणते, सर, हे कुठल्या पानावर आहे? आज दुसरी उठली. एकवीस वर्षांत मला कोणी पान विचारलं नव्हतं.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगणार? घसा बसलाय म्हणालो.” मग त्यांनी खणातून तिची फाईल काढली, तिच्यावर एक कोरा कागद ठेवला आणि पेन पुढं केलं. “माझ्यानं ती कविता आता शिकवून व्हायची नाही. तुम्हाला येते. प्राचार्यांशी बोललोय मी. दोन ओळी लिहून द्या, की त्या दिवशी हॉलमध्ये रागाच्या भरात बोलले, चुकलं. एवढ्यावर सही होते. सोमवारपासून या. मला हे मनापासून वाटतंय, बाई.”

ते खरंच मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच ते ऐकायला कठीण गेलं. शामलाला वर्ग आठवला, खडूची धूळ आठवली, धरमपेठेची खोली आठवली. तिनं पेन घेतलं आणि न थांबता दोन ओळी लिहिल्या: ‘त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोलले ते पूर्ण शुद्धीवर असताना, कविता दोनदा वाचून बोलले. पुन्हा विचाराल तर पुन्हा तेच बोलेन.’ खाली सही केली, तारीख घातली.

दत्तोपंतांनी कागद हातात घेतला. सही दिसली तशी ओळींकडं न बघता त्यांनी समाधानानं फाईल उघडली आणि कागद लावायला दोरी सोडू लागले.

“लावा, सर,” शामला उठत म्हणाली. “पण या वेळी वाचून लावा.”